विहीर किती खोल होती?



परवा मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर एका काकांनी आम्हांला गाठलं. "दर आठवड्याला काही ना काही लिहिता. एवढं सुचतं कुठून हो तुम्हांला?" आम्ही नेहमीचं उत्तर दिलं, "प्रभूची कृपा, दुसरं काय!" काका समाधानानं हात जोडून गेले. आम्ही मात्र घरी पोहोचेपर्यंत अस्वस्थ होतो. उत्तर खोटं नव्हतं, अपुरं होतं. प्रभूची कृपा तर काकांवरही आहे आणि ते पोस्टकार्डसुद्धा लिहीत नाहीत. कृपेचं नाव पुढं करून आम्ही खरी गोष्ट झाकली. ती अशी, की गेल्या उपवासकाळात आमचं लिहिणं जवळजवळ बंद पडलं होतं, आणि ते पुन्हा सुरू झालं ते सहावीतल्या एका पोराच्या प्रश्नामुळं. त्या पोराला आम्ही भर वर्गात गप्प बसवलं होतं.

राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेताना आम्ही नेम केला होता, चाळीस दिवस रोज एक पान लिहायचं. पहाटे पाचला उठायचं, मोहल्ल्यातल्या यंत्रमागांची खडखड वाढायच्या आत लिहून मोकळं व्हायचं. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात आमच्या लक्षात आलं की आम्ही 'प्रीती', 'क्षमा', 'त्याग' हे तीन शब्द जागा बदलून पुन्हापुन्हा मांडतो आहोत. मग मोबाइलवर फिरणारे सुविचार उचलले. एका जुन्या प्रवचनाची सुरुवात शेवटी नेली आणि शेवट सुरुवातीला आणला. गंमत अशी की कोणाच्या लक्षातही आलं नाही. दोघा-तिघांनी "फार छान" म्हणून सांगितलं. तेच आम्हांला जास्त लागलं.

नेम होता, वेळ होती, चहा होता, वही होती. फक्त आम्हांला कशाचंच कुतूहल नव्हतं. सगळं आधीपासून माहीत होतं. आणि जे आपल्याला पूर्ण माहीत आहे असं वाटतं, त्याबद्दल माणूस एखादं प्रवचन देऊ शकतो, चाळीस पानं लिहू शकत नाही.

त्याच सुमारास शनिवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय आला, शोमरोनी स्त्रीचा. आमच्या वर्गातली मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी शिकतात आणि प्रार्थना दोन्हींत म्हणतात. आम्ही ठरलेला धडा सांगत होतो, येशू थकून विहिरीपाशी बसला, स्त्री पाणी भरायला आली, त्याचा अर्थ असा, त्याचा बोध तसा. मागच्या बाकावरून एक हात वर आला. "सर, वो कुआँ कितना गहरा था?" पोरं फिदीफिदी हसली. आम्ही म्हणालो, "ते परीक्षेत येणार नाही. बस खाली." तो बसला. पुढचा सगळा तास त्यानं वर पाहिलं नाही.

रात्री पाठ टेकल्यावर आम्हांला आठवलं की विहीर खोल आहे, हे तर ती स्त्रीच येशूला सांगते! तुझ्याजवळ पोहरा नाही आणि विहीर खोल आहे, मग पाणी काढशील कसं, असंच तिचं म्हणणं आहे. पोरगा भरकटला नव्हता. शास्त्रानं जिथं बोट ठेवलं तिथंच त्यानं ठेवलं होतं. पंधरा वर्षं हा अध्याय शिकवून आम्ही त्या 'खोल' शब्दावर एकदाही थांबलो नव्हतो.

उठून बसलो. त्या रात्रीपासून आठवडाभर जे झालं ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पॅरिशच्या कपाटातली जुनी भाष्यं, मोबाइलवर मिळतील ती पुस्तकं, जिथं जे सापडलं ते वाचलं.

याकोबाची म्हणून मानली जाणारी विहीर आजही आहे. वेस्ट बँकमधल्या नाब्लुस शहरालगत, ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चच्या आत, पायऱ्या उतरून खाली गेलं की तिचं तोंड दिसतं. १६९७ मध्ये हेन्री माँड्रेल नावाचा इंग्रज पाद्री तिथं गेला आणि त्यानं माप घेतलं. खोली ३५ यार्ड, म्हणजे १०५ फूट, आणि त्यांतलं १५ फूट पाणी. पण एकोणिसाव्या शतकात गेलेल्यांना तीच विहीर ७५ फुटांच्या आसपास भरली. तीस फूट गेले कुठं? विहिरीत दगडमाती साचत गेली होती, आणि त्यात यात्रेकरूंचाही हात होता. येणारा जाणारा पाणी किती खोल आहे ते कळावं म्हणून वरून दगड टाकायचा आणि आवाज ऐकायचा. खोली जाणून घेता घेता लोकांनी ती विहीर उथळ केली. या दगडांकडं आम्ही पुढं पुन्हा येणार आहोत.

७५ फुटांचं ते माप कोणी घेतलं हे पाहिलं आणि आम्ही अक्षरशः टाळी वाजवली. घरातली माणसं जागी झाली. डॉ. जॉन विल्सन! मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच. १८२९ मध्ये मुंबईला आलेले, मराठी शिकलेले स्कॉटिश मिशनरी. हकीकत अशी. १८३९ मध्ये अँड्र्यू बोनार नावाचे स्कॉटिश पाद्री या विहिरीवर वाकून पाहत असताना त्यांच्या खिशातलं बायबल निसटून आत पडलं. काढायचा काही उपाय नव्हता, ते तसेच मायदेशी परतले. चार वर्षांनी, १८४३ मध्ये, विल्सन मुंबईहून स्कॉटलंडला निघाले आणि वाटेत पवित्र भूमीतून गेले. त्यांच्याबरोबर होते धनजीभाई नवरोजी, मुंबईचे पारशी तरुण, ज्यांनी १८३९ मध्ये, म्हणजे बोनारांचं बायबल पडलं त्याच वर्षी, बाप्तिस्मा घेतला होता. विल्सनांनी दोर जमवले, तिथल्या शोमरोनी समाजातल्या एका माणसाला दोरांना बांधून खाली सोडलं, आणि त्यानं तळाच्या गाळातून ते बायबल वर काढलं. त्या शोमरोनी माणसाचं नाव याकोब होतं! याकोबाच्या विहिरीत याकोब उतरला. असं कोणी रचून सांगितलं असतं तर आम्ही विश्वास ठेवला नसता.

बुऱ्हाणपूरच्या एका पोरानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मुंबईच्या माणसानं दोर सोडून मोजून ठेवलं होतं, पावणेदोनशे वर्षांहून आधी. आणि आम्ही त्या पोराला म्हणालो होतो, परीक्षेत येणार नाही.

शोध तिथं थांबला नाही. मूळ ग्रीक भाषेत या अध्यायात त्या एकाच विहिरीला दोन शब्द आहेत. सुरुवातीला योहान स्वतः सांगतो तेव्हा 'पेगे' म्हणतो, म्हणजे झरा. ती स्त्री बोलू लागते तेव्हा शब्द बदलतो, 'फ्रेआर', म्हणजे खणलेली विहीर, आड. आणि पुढं प्रभू येशू माणसाच्या आत उसळणाऱ्या पाण्याविषयी बोलतो तेव्हा पुन्हा 'पेगे'. (पंडिता रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर करण्यासाठी मोठ्या वयात हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली, १९२२ मध्ये डोळे मिटण्याच्या जेमतेम आधी काम संपवलं. एवढा आटापिटा कशासाठी, असं आम्हांला पूर्वी वाटायचं. अशा दोन शब्दांसाठी.)

आता आम्ही बुऱ्हाणपूरकर. आम्हांला हे दोन शब्द समजावून सांगायला ग्रीक पंडित लागत नाही. आमचा कुंडी भंडारा आहे ना! १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखाना इथं सुभेदार असताना, एका इराणी जाणकारानं सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत झिरपणारं पाणी हेरलं आणि ते भुयारातून शहरापर्यंत आणलं. इराणात अशा भुयारी कालव्यांना कनात म्हणतात. वर शंभरावर कुंड्या, गोल विहिरींसारख्या. आत ना मोट, ना पंप. उतारानंच पाणी चालतं. वरून पाहणाऱ्याला एकेक सुटी विहीर दिसते. लिफ्टनं ऐंशीएक फूट खाली उतरलं, की कळतं त्या सगळ्या आतून एक आहेत आणि खालून पाणी वाहतं आहे. वरून 'फ्रेआर', खालून 'पेगे'. लहानपणापासून पाहुण्यांना कुंडी भंडारा दाखवत आलो आणि योहानाचा चौथा अध्यायही वाचत आलो. दोन्हींची गाठ कधी पडली नव्हती.

पुढच्या शनिवारी आम्ही वर्गात पहिल्यांदा त्या पोराची माफी मागितली. मग सांगितलं, "लिफ्टनं आपण कुंडीत जेवढं खाली जातो ना, विल्सनसाहेबांच्या वेळी ती विहीर जवळपास तेवढी खोल होती. त्याआधी आणखी खोल." वर्ग उसळला. तो याकोब घाबरला का? दोर तुटला असता तर? बायबल वाचता येत होतं का? त्या स्त्रीला एवढ्या खोलून रोज पाणी ओढावं लागायचं? हा शेवटचा प्रश्न एका मुलीचा होता आणि तो विचारताना ती हसत नव्हती. तिच्या घरी पाणी कोण भरतं हे आम्हांला ठाऊक आहे. 'पाणी भरायला मला इथवर यावं लागू नये' असं ती स्त्री येशूला विनवते, तिथं आम्ही दर वर्षी म्हणायचो की बघा, तिला आध्यात्मिक अर्थ कळला नाही. त्या दिवशी नाही म्हणवलं. शंभर फूट दोर रोज ओढणाऱ्या बाईनं दुसरं काय मागावं?

त्या एका प्रश्नावर आम्ही पाच लेख लिहिले. तुम्ही ते वाचलेही असतील. पहाटे पाचचा गजर लावायची गरज पडली नाही, गजराआधीच जाग यायची.

म्हणून आमचं मत असं बनलं आहे, आणि ते जरा ठासून सांगायचं आहे. नेमानं लिहिण्याबद्दल जो उपदेश केला जातो तो बहुतेक उलट्या बाजूनं केला जातो. आधी शिस्त लावा, मग सुचेल, असं सांगतात. आमचा अनुभव असा की आधी काहीतरी जाणून घ्यायची ओढ लागावी लागते, शिस्त तिच्या मागून चालत येते. ज्याला उद्या काय सापडणार याची उत्सुकता आहे त्याला उद्या लिहायला बसवावं लागत नाही. आणि ज्याला काहीच शोधायचं नाही, त्यानं रोज लिहिलं तरी तो रोज तेच लिहितो. आपल्या भक्तिपर लेखनाचा बराच भाग असा झाला आहे, हे म्हणताना आम्ही स्वतःला त्यातून वगळत नाही. वाचकाला पहिल्या ओळीत शेवटची ओळ कळते.

आमच्यापेक्षा मोठ्यांकडं पाहू. फादर थॉमस स्टीफन्स हे नाव मराठी ख्रिस्ती माणसाला सांगावं लागत नाही. 'ख्रिस्तपुराणा'च्या सुमारे अकरा हजार ओव्या आपण अभिमानानं मिरवतो, वाचतो किती ते सोडा. पण ओव्या लिहिण्याआधीचे स्टीफन्स कसे होते? २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्याला उतरले, आणि १० नोव्हेंबरला, म्हणजे सतराच दिवसांनी, वडिलांना लांबलचक पत्र लिहून मोकळे झाले. पत्रात काय आहे? समुद्रात पाहिलेले पंखवाले मासे, शार्क आणि त्याच्या संगतीनं फिरणारे लहान मासे, पक्षी, वाऱ्याच्या दिशा, जहाज वारा पडून अडकलं ते दिवस. जीव मुठीत धरून केलेला प्रवास, रोगराई, आणि हा तिशीचा तरुण मासे पाहतो आहे! पुढं १५८३ मध्ये भावाला लिहिताना त्यांनी नोंदवलं की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती आहे. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृतबद्दल असं जाहीरपणे मांडलं ते १७८६ मध्ये, दोनशे वर्षांनी. ज्याचे कान असे उघडे होते त्याला मराठीची गोडी लागणारच. 'ख्रिस्तपुराण' राचोलला १६१६ मध्ये छापून निघालं तेव्हा स्टीफन्स सत्तरीला टेकले होते. सदतीस वर्षं त्या मातीत काढली होती. इतकी वर्षं नुसत्या कर्तव्यबुद्धीवर कोणी ओव्या रचत नाही, असं आम्हांला वाटतं.

तारखा जुळवताना आम्हांला एक गोष्ट दिसली आणि पुन्हा टाळी वाजवावीशी वाटली (घरच्यांचा विचार करून वाजवली नाही). राचोलला पुराण छापखान्याच्या वाटेवर होतं, त्याच सुमारास आमच्या बुऱ्हाणपुरात कुंडी भंडाऱ्याचं भुयार खणलं जात होतं. एक परदेशी माणूस मराठीत पाणी शोधत होता, दुसरा सातपुड्यात. आणि १६१५ च्याच नोव्हेंबरात इंग्लंडचा वकील सर थॉमस रो सुरतेहून जहांगीर बादशहाकडं अजमेरला जाताना बुऱ्हाणपुरात मुक्कामाला होता. इथं तो तापानं आजारी पडला, तरी रोजनिशी सोडली नाही. शहजादा परवेझ, खानखाना आणि आणखी काही थोडक्यांची सोडली तर गावात बाकी सगळी मातीची घरं आहेत, असं त्यानं लिहून ठेवलं. परवेझला त्यानं बाटल्यांची पेटी भेट दिली आणि मग ठरलेली दुसरी भेट होऊच शकली नाही, कारण शहजाद्याला त्या बाटल्या चढल्या होत्या, हेही लिहून ठेवलं. रो काही संत नव्हता, व्यापाराची सनद मागायला आला होता. पण त्यानं डोळे उघडे ठेवून रोज चार ओळी लिहिल्या म्हणून आमच्या गावाचा तो नोव्हेंबर आज आम्हांला दिसतो.

आता दुसरी बाजू. आमच्याच एका वडीलधाऱ्या बंधूंनी आम्हांला सावध केलं, "फार खोदू नका. श्रद्धेत चौकसपणा बरा नाही." हे बोलणं आम्ही झटकून टाकलं नाही. संत ऑगस्टीननं 'कन्फेशन्स'च्या दहाव्या पुस्तकात या चौकसपणाला डोळ्यांची वासना म्हटलं आहे. शेतात कुत्रा सशामागं धावताना दिसला, घरात पालीनं माशी पकडली, की आपलं मन देवाकडून त्या तमाशाकडं जातं, अशी कबुली तो देतो. बिशप असलेला माणूस पाल बघत बसतो आणि ते लिहूनही ठेवतो, म्हणून तर तो आम्हांला जवळचा वाटतो. पण त्याचा इशारा खरा आहे. प्रेषितांच्या कृत्यांचा सतरावा अध्याय वाचा. त्यात दोन गावं आहेत. बिरुयाचे लोक पौलाचं बोलणं ऐकून रोज शास्त्र उघडून तपासत, हे असंच आहे का म्हणून. अथेन्सचे लोक नवीन काहीतरी ऐकण्या-सांगण्यातच दिवस घालवत. चौकस दोघंही. फरक एवढाच की बिरुयाची माणसं विहिरीत उतरत होती, अथेन्सची माणसं वरून दगड टाकून आवाज ऐकत होती.

असे दगड आपणही टाकतो. अमक्या पॅरिशमध्ये काय झालं, तमक्या फादरांची बदली का झाली, कुणाच्या मुलीनं कुठं लग्न केलं. याची चौकशी आपल्याकडं नेमानं चालते, त्यासाठी कोणाला नेम करावा लागत नाही. त्या चौकसपणानं विहिरी बुजतात. पण म्हणून विहिरीकडं जायचंच नाही का? आमचं दुखणं हे आहे की आपल्या मंडळीत दगड टाकणाऱ्याला कोणी अडवत नाही, आणि दोर घेऊन उतरणाऱ्या पोराला "परीक्षेत येणार नाही" म्हणून बसवलं जातं. मोशेचं काय झालं आठवा. झुडूप पेटलं आहे पण जळत नाही, हे काय आहे ते वळून पाहू, असं त्याला वाटलं. तो पाहायला वळला हे परमेश्वरानं पाहिलं, आणि मग हाक मारली. मेंढरं उशिरा होतील म्हणून तो सरळ गेला असता तर? संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच वाक्यांत सांगतो की त्यानं सगळ्या गोष्टींचा मुळापासून शोध घेतला आणि मग क्रमानं लिहिलं. आधी शोध, मग लेखन. चार शुभवर्तमानकारांतला एक जण जर चौकशा करत हिंडला असेल तर आमच्यासारख्या कॅटेकिस्टला लाज कसली?

एक गोष्ट सांगायला नको वाटतं, पण सांगतो. आमच्या पॅरिशमध्ये एक आजी होत्या. त्यांच्या आजीच्या वेळी घराणं खानदेशातून तापी ओलांडून इकडं कसं आलं, हातमागावर बसून बायका कोणत्या प्रार्थना म्हणायच्या, हे सगळं त्यांच्या तोंडी होतं. मरियामातेवरची एक ओवी त्या जात्याच्या चालीवर म्हणत, जी आम्ही दुसऱ्या कोणाकडून कधी ऐकली नाही. आम्ही एकदा पंधरा मिनिटं बसलो होतो. "आजी, नाताळ झाला की वही घेऊन येतो. सगळं लिहून घेतो." त्या म्हणाल्या, "ये की. मी कुठं जाते?" नाताळात नाटक बसवायचं होतं, गव्हाण सजवायची होती. जानेवारीत त्यांची अंत्ययात्रा निघाली. दफनभूमीत उभे असताना आम्ही ती ओवी आठवत होतो. अर्धी ओळ आठवली. आजही अर्धीच आठवते. त्यांच्या मुलांना विचारलं, त्यांनाही येत नाही.

त्या वर्षी आम्ही रोज लिहीत होतो बरं का. प्रीती, क्षमा, त्याग.

लक्ष्मीबाई टिळकांना टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून द्यायला बसवलं, तेव्हा त्या पन्नाशी ओलांडलेल्या होत्या, शाळेची पायरी न चढलेल्या. त्यातून 'स्मृतिचित्रे' उभी राहिली. आपल्या प्रत्येक पॅरिशमध्ये अशा एक-दोन बायका असतात. त्यांच्यासमोर कोणी वही घेऊन बसत नाही, एवढंच.

आता आमच्या वर्गात एक वही ठेवली आहे. दोनशे पानी, साधी. ज्याला जे विचारायचं ते त्यात लिहायचं, मराठीत लिहा नाहीतर हिंदीत. नाव घातलं तर बरं, नाही घातलं तरी चालेल. उत्तर लगेच मिळेल असं आश्वासन नाही. फादरांनी पहिल्या पानावर क्रूसाची खूण करून दिली आणि दुसऱ्या पानावर स्वतःचा एक प्रश्न लिहिला, तो इथं सांगत नाही. काकांना खरं उत्तर हवं असेल तर आमचं लिहिणं त्या वहीतून येतं.

परवा आम्ही मुलांना घेऊन कुंडी भंडाऱ्याला गेलो होतो. लिफ्टनं दोन खेपांत खाली उतरलो. आत गारवा, भिंतींवर चुन्याचे पांढरट थर, पायाखाली पाणी. मुलांनी ओंजळीनं तोंडावर मारून घेतलं. आमचा मागच्या बाकावरचा पोरगा मात्र भिंतीला टेकून उभा होता. वर येताना लिफ्टमध्ये त्यानं विचारलं, "सर, पर येशू को पानी मिला क्या?"

आम्ही म्हणालो, मिळालं असेल की. घरी येऊन अध्याय उघडला. येशू पाणी मागतो. स्त्री प्रश्न विचारते. बोलणं वाढत जातं. शिष्य गावातून खायला घेऊन येतात. स्त्री घागर तिथंच टाकून गावात धावते. शिष्य जेवायचा आग्रह करतात, तो म्हणतो माझं अन्न वेगळं आहे. गाव जमा होतं. तो तिथं दोन दिवस राहतो. पाणी काढल्याचं, दिल्याचं, प्याल्याचं कुठंच नाही. तीनदा वाचलं.

वहीत पोरानं प्रश्न लिहिला आहे. खाली आम्ही तारीख घातली आहे.